पदवी आधी की प्रश्न आधी? फिजिशियन असिस्टंटच्या डॉक्टरेटविषयी एक संवाद

नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाची हकिकत घेणारा, त्याला तपासणारा, राउंडच्या नोंदी ठेवणारा, शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या हाताखाली उभा राहणारा आणि घरी सोडताना नातेवाइकांना पथ्यपाणी समजावून सांगणारा प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे फिजिशियन असिस्टंट. १९६५ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय साहाय्यक म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन या व्यवसायाचा पहिला वर्ग सुरू केला. भारतात त्याची सुरुवात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये झाली. हृदयशस्त्रक्रियेच्या विभागाला प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज होती आणि डॉ. के. एम. चेरियन यांनी ती ओळखून हा अभ्यासक्रम उभा केला. पुढे २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला आपल्या अनुसूचीतील दहा गटांपैकी एका गटात स्थान दिले. पदवी आणि पदव्युत्तर पदवी या पायऱ्या तयार झाल्यावर पुढची पायरी कोणती, ती चढावी की नाही आणि चढायचीच तर कोणत्या विद्यापीठातून, हे प्रश्न आता या व्यवसायातील तरुणांपुढे उभे आहेत.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी हे प्रश्न अधिक तीव्र होतात, कारण तेथील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी सोलापूर, पुणे किंवा त्याहून दूर गेली की उच्च शिक्षणाची प्रत्येक पायरी तिला गावापासून आणखी लांब नेते. पुढील संवादातील दोन्ही पात्रे कल्पित आहेत. भाची पुण्यात हृदयशस्त्रक्रिया विभागात काम करणारी, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेली फिजिशियन असिस्टंट आहे. मामा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून निवृत्त झालेले, मंगळवेढ्यात राहणारे आरोग्य सहाय्यक आहेत. भाचीचा पक्ष असा की व्यवसाय स्वतःच्या पायावर उभा राहायचा असेल तर त्यात डॉक्टरेट झालेली माणसे हवीतच. पदव्यांची उतरंड उंच झाली म्हणजे रुग्णाला मिळणारी सेवा उंचावतेच असे नाही, हा मामांचा पक्ष आहे.

डॉक्टरेटची गरज

भाची : मामा, ज्या व्यवसायाला स्वतःचे संशोधक आणि स्वतःचे प्राध्यापक नसतात, त्याचा अभ्यासक्रम, त्याच्या परीक्षा आणि त्याच्या कामाच्या मर्यादा दुसरेच लोक ठरवतात. परिचर्येने पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. या मार्गाने स्वतःचे अध्यापक घडवले, म्हणून आज परिचारिकांना परिचारिका शिकवतात. फिजिशियन असिस्टंटांनी पदव्युत्तर पदवीवरच थांबायचे ठरवले, तर पुढच्या पिढीलाही शिकवणारे कायम परक्या शाखेतून येतील.

मामा : तुझे म्हणणे व्यवसायाच्या बाजूने पाहिले तर पटण्यासारखे आहे, पण रुग्णाच्या बाजूनेही एकदा पाहायला हवे. १९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला, तेव्हा नोंदणीकृत डॉक्टर सुमारे ४७,५०० होते आणि त्यांपैकी जवळपास ३०,००० हे पदवीधर नसून परवानाधारक, म्हणजे तुलनेने कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले होते. आपल्याकडे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही पात्रता अनेक जुन्या दवाखान्यांच्या पाटीवर दिसत असे. समितीने एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा असे सांगितले, परवानाधारकांचे अभ्यासक्रम पुढे बंद झाले, आणि ज्यांची जागा रिकामी झाली त्यांच्या ठिकाणी खेड्यात जाऊन बसणारा पदवीधर पुरेशा संख्येने कधी आलाच नाही. मधली पायरी काढून टाकून वरची पायरी उंच केली की काय होते, याचा हा धडा आहे.

भाची : त्याच धड्यातून वेगळा निष्कर्षही निघतो, मामा. त्या समितीतील काही सदस्यांनी परवानाधारकांचे शिक्षण चालू ठेवावे असे भिन्नमत नोंदवले होते, पण ते मागे पडले. परवानाधारकाने उपचार केलेल्या आणि पदवीधराने उपचार केलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, याचा मोजून ठेवलेला पुरावा त्या वादात मध्यभागी असता, तर निर्णय कदाचित तोच झाला असता, पण चर्चा प्रतिष्ठेऐवजी परिणामांची झाली असती. मधल्या पायरीवरच्या माणसांनी स्वतःच्या कामाचे मोजमाप स्वतः करायला शिकले नाही, तर पुढचा एखादा अहवाल त्यांनाही एका वाक्यात पुसून टाकू शकतो. मोजमाप करायला शिकवणारे शिक्षण म्हणजेच डॉक्टरेट.

मामा : ‘मोजमाप करायला शिकणे’ हा तुझा हेतू असेल तर विरोधाची धार कमी होते. मात्र मग डॉक्टरेट कोणती, हा प्रश्न लगेच पुढे येतो, कारण या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

दोन डॉक्टरेट, दोन हेतू

भाची : अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स’ नावाची व्यावसायिक डॉक्टरेट आहे. टेनेसी राज्यातील लिंकन मेमोरियल विद्यापीठाने २०१६ च्या सुमारास ती फिजिशियन असिस्टंटांसाठी सुरू केली आणि नंतर अनेक विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. व्यावसायिक डॉक्टरेट म्हणजे नवे ज्ञान निर्माण करण्यापेक्षा उपलब्ध ज्ञान पारखून कामात उतरवण्यावर भर देणारी पदवी. तिच्यात शोधनिबंध कसा पारखावा, विभाग कसा चालवावा, सेवेची गुणवत्ता कशी सुधारावी हे शिकवले जाते. अभ्यास बहुतांशी दूरस्थ पद्धतीने होतो आणि नोकरी न सोडता साधारण एक-दोन वर्षांत पूर्ण करता येतो. पीएच.डी. मात्र संशोधनाची पदवी आहे. तिच्यात एकच प्रश्न घेऊन अनेक वर्षे त्याच्यामागे राहावे लागते. शस्त्रक्रियागृहात उभे राहणाऱ्या माणसाला पहिली पदवी जवळची वाटणे स्वाभाविक आहे.

मामा : ती पदवी मिळाल्यावर तुला तेथे काम करण्याचा अधिकार मिळेल का?

भाची : नाही. अमेरिकेत काम करण्यासाठी जी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, तिला फक्त तेथील मान्यता मंडळाने मान्य केलेल्या प्रवेशस्तरीय अभ्यासक्रमाचे पदवीधरच बसू शकतात. हे मंडळ प्रवेशस्तरीय अभ्यासक्रम आणि पदवीनंतरचे रुग्णालयीन प्रशिक्षण तपासते. नोकरीतील लोकांसाठी असलेल्या या डॉक्टरेटला ते मान्यता देत नाही, तेथे केवळ विद्यापीठाची सर्वसाधारण संस्थात्मक मान्यता असते. भारतात शिकलेल्या फिजिशियन असिस्टंटने ही डॉक्टरेट मिळवली तरी त्या परीक्षेचे दार उघडत नाही.

मामा : आणि तेथील व्यवसायाने स्वतः काय ठरवले होते?

भाची : २००९ मध्ये या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनांनी बोलावलेल्या परिषदेत प्रवेशासाठी डॉक्टरेट सक्तीची करू नये आणि पदव्युत्तर पदवीच पुरेशी मानावी, अशी शिफारस झाली. त्यानंतरही डॉक्टरेटचे अभ्यासक्रम वाढले, ते सक्तीमुळे नव्हे. अध्यापन, प्रशासन आणि पगार यांत पुढे जाण्याच्या इच्छेमुळे.

मामा : म्हणजे जेथे ही पदवी जन्मली तेथेही ती रुग्णाला हात लावण्याचा जादा अधिकार देत नाही. मग हजारो मैलांवरून, परकीय चलनात शुल्क भरून ती घेण्याचे कारण केवळ नावामागची अक्षरे एवढेच उरते.

भाची : तिच्यात शिकवली जाणारी कौशल्ये खरी आहेत, हे मात्र नाकारता येत नाही. अमेरिकेत परवाना असलेल्या माणसाला ती उपयोगी पडते. भारतात काम करणाऱ्याने मात्र आधी येथील मान्यतेची कसोटी लावली पाहिजे, हे मान्य.

मान्यतेची कसोटी

येथे संवाद वैयक्तिक आवडीनिवडीतून बाहेर पडून नियमांकडे वळतो, आणि तो वळणे आवश्यक आहे. कारण डॉक्टरेटच्या निवडीत सर्वांत महाग पडणारी चूक मान्यतेविषयीची असते आणि ती बहुधा पदवी हातात पडल्यावरच लक्षात येते.

मामा : नोकरी करत घरबसल्या, परदेशी विद्यापीठाच्या नावाने पीएच.डी. देण्याच्या जाहिराती तालुक्यापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांचे काय?

भाची : ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी संयुक्त सूचना काढून सांगितले की, परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या आयोगाच्या पीएच.डी. नियमांतही दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी देण्यास मनाई आहे. पुढे २०२५ मध्ये आयोगाने २०२१ च्या आरोग्यव्यवसाय कायद्यात येणारे अभ्यासक्रमही दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत असे विद्यापीठांना कळवले. त्यामुळे भारतात अध्यापक होण्याचा हेतू असेल तर घरबसल्या मिळणारी डॉक्टरेट हा मार्गच नाही.

मामा : मग नोकरी सोडून जायचे?

भाची : सोडावीच लागते असे नाही. २०२२ च्या नियमांनुसार अंशकालीन पीएच.डी. करता येते, मात्र नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि मूल्यमापनाच्या अटी पूर्णवेळ विद्यार्थ्यासारख्याच असतात. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत आहे. संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजाही मिळू शकते. संशोधनपद्धती आणि संशोधनातील नीतिमत्ता शिकवणारे किमान बारा श्रेयांकांचे वर्ग पूर्ण करावे लागतात.

मामा : प्रवेशाची पात्रता?

भाची : पदव्युत्तर पदवी असल्यास सर्वसाधारण गटाला किमान ५५ टक्के गुण लागतात, आणि आठ सत्रांची चार वर्षांची पदवी असल्यास ७५ टक्के; आरक्षित गटांना पाच टक्क्यांची सूट आहे. आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम करत शिकण्याचे शेवटचे वर्ष, या आठ सत्रांत धरले जाते की नाही, हे त्या त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे लागते. शिवाय फिजिशियन असिस्टंटची पदवी संबंधित विषयासाठी ग्राह्य आहे का, हाही प्रश्न लेखीच विचारावा, कारण प्रवेशकक्षातील तोंडी होकार पुढे कोणाला दाखवता येत नाही.

मामा : आणि नावाआधी ‘डॉ.’ लिहिण्याचे काय? गावात त्या अक्षराचा अर्थ एकच घेतला जातो.

भाची : पीएच.डी. धारकाने विद्यापीठात ते लिहिणे ही जुनी आणि योग्य परंपरा आहे. रुग्णाच्या खाटेशेजारी मात्र तेच अक्षर गैरसमज निर्माण करते. सप्टेंबर २०२५ मध्ये भौतिकोपचारतज्ज्ञांनी हे उपपद वापरू नये असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि लगेचच फेरविचारासाठी मागे घेतले, यावरून हा वाद किती नाजूक आहे ते दिसते. ब्रिटनमध्ये २०२५ च्या लेंग अहवालाने तर ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव बदलून पुन्हा ‘असिस्टंट’ करावे अशी शिफारस केली, कारण समोरची व्यक्ती डॉक्टर आहे की नाही हे रुग्णाला स्पष्ट कळले पाहिजे.

मामा : महाराष्ट्रात तर १९६१ च्या वैद्यक व्यावसायिक अधिनियमाचे कलम ३३ नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करण्यास मनाई करते. पीएच.डी. झाली म्हणून गोळी लिहून देण्याचा अधिकार येत नाही, हे पदवी घेणाऱ्यालाही आणि त्याच्या गावालाही ठाऊक असले पाहिजे.

मंगळवेढ्याचा प्रश्न

मामांचा पहिला आक्षेप येथवर बराच मवाळ झाला आहे आणि भाचीनेही परदेशी पदवीचा आग्रह सोडला आहे. उरलेला मतभेद अधिक खोलवरचा आहे, तो असा की संशोधनाचा विषय रुग्णालयाच्या कामातून घ्यावा की गावाच्या गरजेतून.

भाची : हृदयशस्त्रक्रियेनंतर कोणत्या रुग्णांना पुन्हा दाखल करावे लागते, हा प्रश्न रोजच्या कामातून आलेला आहे. त्याची माहिती रुग्णालयात उपलब्ध आहे आणि तेथील तज्ज्ञांचे सहकार्यही मिळेल. हाताशी असलेला प्रश्न सोडून दूरचा का घ्यावा?

मामा : तो प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. रुग्णालयाच्या नोंदी रुग्ण घरी जाईपर्यंतच बोलतात. झडप बदललेला रुग्ण मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या कोरडवाहू गावात परतल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी नियमित घेतो का, त्यासाठीची रक्ततपासणी त्याला कोठे करता येते, सोलापूरला एक फेरी म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडवणे असेल तर तो तपासणी चुकवतो का, हे पुण्याच्या संगणकात सापडणार नाही. तुझा अर्धा प्रश्न रुग्णालयात आहे आणि उरलेला अर्धा या तालुक्यात.

भाची : तालुक्याच्या पातळीवर पीएच.डी.च्या दर्जाची माहिती गोळा करणे शक्य असते का, हीच खरी शंका आहे.

मामा : आपल्याच जिल्ह्याने ते करून दाखवले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोकसंख्येवर आधारित नोंदणी म्हणजे रुग्णालयात आलेल्यांचीच नव्हे, तर ठरावीक भूभागातील प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद. आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांमधली ही नोंदणी देशातील अशी पहिली ग्रामीण नोंदणी ठरली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर झालेल्या अभ्यासाने, एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात हे दाखवले. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तो प्रसिद्ध केला. त्यात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय होते, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती आणि बार्शीही होती. हे काम उभे राहिले ते गावोगाव फिरून घराघरांत विश्वास कमावणाऱ्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बळावर.

भाची : आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचे काम महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू केले. रुग्ण दगावतात ते हृदयावरच्या परिणामामुळे हे ओळखून प्राझोसिन या औषधाचा वापर त्यांनी पुढे आणला. त्यांच्याजवळ सुरुवातीला मोठी प्रयोगशाळा नव्हती, नेमका प्रश्न आणि नीट ठेवलेल्या नोंदी होत्या.

मामा : शेतीतलेही असेच उदाहरण घे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती मालदांडी ज्वारी पावसाची ओल धरून ठेवणाऱ्या या काळ्या जमिनीत थंडीत पिकते. आणि मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या केंद्रात निवडले गेले ते स्थानिक वाणांमधूनच. शेतीतज्ज्ञांनी येथील बियाणे घेऊन येथलाच प्रश्न सोडवला. आरोग्याच्या संशोधकाला हीच वाट का नसावी?

भाची : मग विद्यापीठाची निवडही या प्रश्नावरून करावी लागेल. केवळ फिजिशियन असिस्टंट हे नाव असलेला विभाग शोधत बसण्यापेक्षा सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्याशास्त्र किंवा आरोग्यव्यवस्था या शाखांमध्ये योग्य मार्गदर्शक शोधावा. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास शिकवते आणि तिचा ग्रामीण परिसर सोलापूरजवळ तुळजापुरात आहे. १९५६ पासून मुंबईत काम करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहणी आणि आकडेशास्त्र यांत मजबूत आहे. १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेले आहे. सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी सर्वांत जवळचे.

मामा : संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, हे विसरू नकोस.

भाची : नियमही तेच सुचवतात. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार यांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थी असू शकत नाहीत, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे मार्गदर्शकाकडे जागा आहे का, त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी किती वर्षांत प्रबंध पूर्ण केले आणि ते प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात वाचल्यावर त्यांचा दर्जा कसा दिसतो, हे अर्जापूर्वीच पाहता येते.

मामा : संत दामाजीपंतांचे नाव या गावाने शतकानुशतके जपले ते दुष्काळात त्यांनी कोठार उघडले म्हणून. कोठार भरलेले होते, हे त्यामागचे कारण नव्हे. तुझा प्रबंध ग्रंथालयात बंद राहिला तर तो भरलेले कोठारच राहील; त्यातले निष्कर्ष ग्रामीण रुग्णालयात, आशा सेविकांच्या बैठकीत आणि रुग्णाच्या घरी मराठीत पोहोचले, तर मात्र या पदवीला या गावाचा विरोध असणार नाही.

निष्कर्ष

या संवादातून दोन्ही पक्षांचे काही खरे आणि काही अपुरे ठरते. व्यवसायाला स्वतःचे संशोधक हवेत, हा भाचीचा मुद्दा टिकतो. पण त्यासाठी कोणतीही डॉक्टरेट चालेल, हे टिकत नाही. केवळ पदवी उंच केल्याने सेवा पोहोचत नाही, हे मामांचे म्हणणे परवानाधारकांच्या इतिहासाने पुष्ट होते. पण त्यावरून डॉक्टरेटच नको असा निष्कर्ष काढला, तर बार्शीसारखे काम पुढे नेणारी माणसे घडणार नाहीत.

म्हणून निवडीचा क्रम असा असावा : आधी स्वतःच्या कामातून आलेला आणि गावापर्यंत जाणारा प्रश्न, मग तो समजणारा व वेळ देऊ शकणारा मार्गदर्शक, त्यानंतर विद्यापीठाची मान्यता व पात्रतेविषयी लेखी उत्तर, आणि शेवटी नोकरी, घर व पैसा यांचा सहा वर्षांचा हिशेब. उपपद, शुल्कातील सवलत आणि जाहिरात यांना या क्रमात जागा नाही. ज्या फिजिशियन असिस्टंटला आपला प्रश्न एका कागदावर, रुग्णालाही कळेल अशा मराठीत लिहिता येतो, त्याने अर्ज करावा. ज्याला तो अजून लिहिता येत नाही, त्याने एक वर्ष थांबून रुग्णांच्या नोंदी नीट ठेवाव्यात आणि सुटीच्या दिवशी त्यांच्या गावी जाऊन यावे.